भीतीचा रकाना

सांगली, ८ जुलै २०२४

संयोगिताताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पहिलं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती! ‘इकडे सर्व खुशाल. मुलगी चांगली आहे. काळजी नसावी.’ अहो, पस्तीस वर्षं शाळेत निबंध तपासले मी. असल्या निबंधाला दहापैकी दोन मार्क द्यायची, तेही अक्षर चांगलं म्हणून.

जूनमधल्या प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी तुम्ही मधेच उठून पोह्यांना फोडणी द्यायला गेला होतात. नेमका तेव्हाच हा भाग झाला, म्हणून पुन्हा लिहिते. आपल्या ‘सोबत’ संस्थेत प्रत्येक स्वयंसेवकाकडे, म्हणजे सोबत्याकडे, एकच मुलगा किंवा मुलगी असते. आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर बसायचं आणि पंधरा दिवसांनी मला हातानं पत्र लिहायचं. फोन नको. फोनवर बोलताना घरातलं कुणी ना कुणी शेजारी असतं, मग माणसं ‘बरं आहे’ म्हणून मोकळी होतात. पत्रात तीन रकाने हवेत: काय पाहिलं, काय ऐकलं, कशाची भीती वाटली. तिसरा कोरा सोडायचा नाही.

आणखी दोन गोष्टी. सल्ला द्यायची घाई करू नका, विचारा. आणि तिचं गुपित पोटात ठेवा, पण जिवाचा प्रश्न आला की गुपित संपलं. तिला सांगून लगेच मला कळवायचं.

शेजारच्या शिवांजलीला तुम्ही लहानपणापासून ओळखता हे सोयीचंही आहे आणि अडचणीचंही. वीस वर्षांची पोर, वडील सैन्यात, गेल्या साली पोलीस भरतीत दोन मार्कांनी हुकली आणि तेव्हापासून अबोल झाली. तिच्या अकॅडमीच्या सरांना काळजी वाटली म्हणून त्यांनी तिला आपल्याकडे पाठवलं. आता मला तिच्याबद्दल तारेपेक्षा थोडं जास्त कळू द्या.

तुमची,
उमा


उंब्रज, २२ जुलै

आदरणीय उमाताईंना संयोगिताचा नमस्कार.

इकडे समदं खुशाल हाय, तुमचंबी खुशाल असंल. हे लिवल्याबिगर माझा हात फुडं चालत न्हाई. मार्क कापायचं तर खुशाल कापा.

कारण सांगते. लग्नाच्या चौथ्या दिवशी ह्यांची सुट्टी संपली. ते गेलं आन् सासूबाईंनी, बनुबाईंनी, मला आंतर्देशीय हातात देऊन म्होरं बसवलं. म्हणल्या, लिव, इकडे सर्व खुशाल. शिपायाला वाईट कळवायचं नसतं, त्याच्या हातात बंदूक असती, डोकं जाग्यावर पायजे. ती रीत मी चोवीस वर्षं पाळली. दुसऱ्या खेपेला माझं बाळ सातव्या म्हयन्यात गेलं, तवाबी मी तेच लिवलं. ह्यांना सुट्टीवर आल्यावर कळलं. लय कठीण गेलं वो, पर ते सुखरूप परत आले. आता रिटायर होऊन गुरांच्या मागं हिंडत्यात आन् मला अकल शिकवत्यात.

आता तुमचं रकानं.

काय पाहिलं: शिवांजली पहाटं पाचला तारळीच्या पुलाकडं पळायला जाती. शेजारची ओवी, आठवीतली, तिच्या मागं सायकल घेऊन. परवा मी ओट्यावर मेथी निवडत हुते तर आपणहून येऊन बसली, निम्मी जुडी निवडली. बोलली कमी, पर बसली तासभर.

काय ऐकलं: म्हणली, “काकी, पप्पा फोनवर पयलं इचारत्यात किती मिनिटात पळलीस. मग इचारत्यात जेवलीस का.” मी सल्ला दिला न्हाई. नुसतं व्हय का म्हणलं. बघा, शिकतेय का न्हाई?

भीती: काय न्हाई. आमच्यात असलं लिवत न्हाईत.

तुमची,
संयोगिता


सांगली, २ ऑगस्ट

प्रिय संयोगिताताई,

तुमच्या बाळाबद्दल दोनदा वाचलं. इतकी वर्षं हे मनात ठेवलंत! मला सांगितलंत, बरं केलंत.

काल सांगलीत नव्या चौदा सोबत्यांचा वर्ग होता. तुम्हाला न विचारता एक आगाऊपणा केला. नावं गाळून तुमचा मेथीचा भाग वाचून दाखवला. म्हटलं, असं बसायचं असतं. सगळ्यांनी लिहून घेतलं. तुम्ही माझ्या चांगल्या सोबत्यांपैकी एक व्हाल असं दिसतंय.

तिसरा रकाना तेवढा भरा. ‘आमच्यात लिहीत नाहीत’ हे उत्तर एकदाच चालतं.

तुमची,
उमा


उंब्रज, २४ ऑगस्ट

आदरणीय उमाताई,

इकडे समदं खुशाल हाय. माझं पत्र वर्गात वाचलं हे ऐकून ह्यांना हसू आवरंना. म्हणले, दहावीला मराठीत काठावर पास झाल्यालीचं पत्र!

काय पाहिलं: भरतीची यादी लागली. शिवांजलीच्या पप्पांनी, ज्ञानूभावजींनी, तिकडं त्यांच्या तुकडीत पेढं वाटलं. व्हिडिओ कॉलवर समद्या जवानांनी पोरीला सॅल्यूट ठोकला. तिची आई राजेश्वरी पदर डोळ्याला लावून उभी हुती.

काय ऐकलं: फारसं न्हाई. पोरगी दमलीय.

भीती: न्हाई. आमच्या उसात हुमणी लागलीय, तीच एक भीती.

तुमची,
संयोगिता


सांगली, ३० ऑगस्ट

प्रिय संयोगिताताई,

अहो, ही बातमी अशी चोरून सांगायची असते का? झाली एकदाची! मी इथे कार्यालयात सगळ्यांना कंदी पेढे दिले. सोबत शिवांजलीसाठी एक कार्ड पाठवते आहे, हातानं द्या. दिवाळीनंतर ती सांगलीला येऊन आपल्या मुलींशी बोलेल का, विचारा तिला. दोन मार्कांनी हुकलेली पोर वर्षभरात पुन्हा उभी राहते, हे त्यांनी तिच्या तोंडून ऐकायला हवं.

तुमचाही त्यात वाटा आहे. मी भारी खूश आहे.

तुमची,
उमा


उंब्रज, २६ सप्टेंबर

आदरणीय उमाताई,

इकडे समदं खुशाल हाय. पत्राला म्हयना लागला. गणपती, मग सासूबाईंचा गुडघा, मग शेंगा काढायला माणूस मिळंना.

काय पाहिलं: शिवांजली लय शहाणी झालीय. पयलं कशी, आईनं हाक मारली की वसकन अंगावर यायची. आता कुणाला उलटून बोलत न्हाई. पळायचे बूट ओवीला देऊन टाकले, नवेच हायती, दोन हजाराचे. माझी पुस्तकं धा वर्सांपूर्वी नेल्याली, ती कवर घालून आणून दिली. कपाट आवरलं, सर्टिफिकिटं एका फायलीत लावली. आई म्हणती, पोरगी जेवत न्हाई नीट, पर घर कसं लख्ख झालंय.

काय ऐकलं: तुमचं कार्ड दिलं. वाचलं, हसली आन् चार घड्या घालून मुठीत धरलं. सांगलीला यायचं इचारलं तर म्हणली, “तवाचं तवा बघू काकी.” ज्ञानूभावजी दसऱ्याला सुट्टीवर येत्यात, बारा तारखेला. तिला म्हणलं, पप्पा यायचेत, कायतरी बोल की गं. तर माझ्या पाया पडली.

भीती: न्हाई.

तुमची,
संयोगिता


सांगली, १ ऑक्टोबर, सकाळी साडेसहा

संयोगिताताई,

हे पत्र निमिष हातानं घेऊन येतोय. आपल्या कार्यालयातला मुलगा आहे, विश्वासाचा. तुम्ही वाचेपर्यंत आणि उत्तर देईपर्यंत तो थांबेल.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. लगेच फोन केला तर तुम्ही म्हणालात, “समदं बरं हाय, सासूबाई हितंच हायती, देऊ का?” आणि मी काही बोलायच्या आत दोघींचं गुडघ्यावर बोलणं सुरू झालं. नंतर फोन लागला नाही. मी स्वतः आले असते, पण महिन्यापूर्वी पाय मोडला, त्याचं प्लास्टर अजून निघालेलं नाही.

आता नीट वाचा. पोलिसात निवड झालेली मुलगी पळायचे बूट देऊन का टाकेल? तिला तर ट्रेनिंगला तेच लागणार. पुस्तकं परत करणं, कपाट आवरणं, जेवण तुटणं, कुणाशी न भांडणं, पाया पडणं. तुम्हाला यात शहाणपण दिसलं. मला तसं दिसत नाही.

प्रशिक्षणात कधी सांगितलं नाही ते सांगते. अकरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कौमुदी नावाची मुलगी होती, नववीत. तिनं एका शनिवारी माझी सगळी पुस्तकं कव्हर घालून परत आणून दिली. मी सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं. टाळ्या वाजवायला लावल्या. सोमवारी ती शाळेत आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. तिच्या आईनं मला विचारलं, बाई, तुम्हाला काहीच दिसलं नाही का? तो तिसरा रकाना मी त्या प्रश्नासाठी काढलाय.

तर, आत्ता उठा आणि तिच्याकडे जा. आडून आडून नको. सरळ विचारा: “शिवांजली, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” हेच शब्द. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो. अशुभ बोलू नये वगैरे सगळं आज बाजूला ठेवा. ती ‘हो’ म्हणाली तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका, आईला सांगा, आजच कराडला डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या नंबरवर दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं. गुपित संपलं.

आणि माझ्यापासून काही लपवलं असेल तर तेही लिहा. मी रागावणार नाही. रागावले तरी लिहा.

उमा


उंब्रज, १ ऑक्टोबर, अकरा वाजता

उमाताई,

निमिष ओट्यावर चहा पितोय. मी आत हाय. घाईत लिवतेय, अक्षराला मार्क देऊ नका.

शिवांजलीचं काम झाल्यालं न्हाई. तीन मार्कांनी गेलं.

यादी लागली त्या दिवशी राजेश्वरी रडत माझ्याकडं आली. म्हणली, वहिनी, ह्यांचा आठला फोन येनार, ह्यांना काय सांगू? ते सीमेवर हायती. मी शेंगा फोडत हुते. हातसुदीक थांबवला न्हाई मी. म्हणलं, सांग झाली म्हणून. शिपायाला वाईट कळवायचं नसतं. सुट्टीवर आल्यावर निवांत सांगू. पोरगी दारात उभी हुती. म्हणली, “काकी, खोटं सांगायचं?” मी म्हणलं, “शिपायाची पोर हायेस न्हवं?”

सल्ला देऊ नका म्हणून तुमी बजावलं हुतं. मी दिला. मग पेढं वाटलं, सॅल्यूट ठोकला, आन् मागं फिरायला जागाच उरली न्हाई. तुमाला लिवताना मी खोटं एक अक्षर लिवलं न्हाई, पर खरंबी लिवलं न्हाई. तुमी कार्ड पाठवलंत तवा तरी सांगायचं हुतं. मला लाज वाटली. तुमी वर्गात माझं पत्र वाचून दाखवल्यालं. कशाला वो दाखवलंत? चांगली म्हणवून घ्यायची सवय लागती माणसाला.

उद्या न्हाई परवा घटस्थापना. राजेश्वरी गोधड्या धुवायला सकाळीच नदीवर गेलीय. म्हंजी पोरगी घरात एकटी हाय. हे आत्ता लिवताना माझ्या ध्यानात आलं.

जाते. निमिषला काय द्यायचं राहिलं तर बघून घ्या.


सांगली, ३ ऑक्टोबर

संयोगिताताई,

परवा दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तुमचा मेसेज आला: ‘पोरगी माझ्याजवळ हाय.’ त्यानंतर काही नाही. तेवढी ओळ मी चाळीस वेळा तरी वाचली असेल. अकरा ते एक या वेळात मी काय केलं ते विचारू नका. काल निमिषला तुम्ही फोनवर ‘कराडला दाखवलं, गोळ्या चालू हायती’ एवढं सांगितलंत, त्यावर एक रात्र काढली.

मी रागावले का? रागावले. तुमच्यावर थोडी, माझ्यावर पुष्कळ. पोर निवडली गेली असं तुम्ही लिहिलंच नव्हतंत. पेढ्यांवरून मीच समजून घेतलं आणि वर कार्ड पाठवलं. त्या पोरीच्या मुठीत मीही एक ओझं दिलं.

आता एकच गोष्ट उरली आहे आणि ती लांबवू नका. वडील घरी यायच्या आधी त्यांना खरं कळलं पाहिजे. बारा तारीख तिच्या डोळ्यासमोर तशीच राहिली तर औषधाचा उपयोग होणार नाही. सांगायचं काम तिच्यावर टाकू नका. तुम्ही आणि राजेश्वरी सांगा, ती ऐकत असताना. ते चिडले तर फोन तुमच्या हातात ठेवा.

आणि तुम्ही जेवताय का? सोबत्याचंही कुणीतरी विचारायला हवं. ते माझं काम, आणि मी ते नीट केलं नाही.

उमा


उंब्रज, १४ ऑक्टोबर

उमाताई,

आज वरची ती ओळ लिवली न्हाई. बघा, हात तरीबी चालला.

समदं सांगते. एक तारखेला मी चपला न घालता पळाले. दार नुसतं लोटल्यालं. पोरगी सर्टिफिकिटाची फाईल मांडीवर घेऊन बसल्याली. अशुभ बोलायची सवय न्हाई वो. तुमची चिठ्ठी मुठीत हुती, ती उघडली आन् शाळेतल्या पोरावानी बोट ठेवून वाचली: “शिवांजली, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?”

तिनं फाईल बाजूला ठेवली. मग म्हणली, “व्हय काकी. पप्पा यायच्या आदी.” आन् मग म्हणली, “तुमी आज इचारलंसा.” आज म्हंजी काय, ते मला कळलं. फुडं काय करायचं ते तुमी लिवलं हुतं, पर मी समदं इसरले. मी तिला जवळ घेतलं आन् म्हणलं, खोटं तुझं न्हाई बाळा, माझं हाय. मग ती रडली. दोन म्हयन्यात पयल्यांदा, लहान पोरीसारखी, हुंदकं देऊन. ओल्या गोधड्यांचं गाठोडं घेऊन राजेश्वरी दारात आली तर आमी दोघी भुईवर. तिला सांगितलं. ती तशीच, ओल्या लुगड्यानं, आमच्यासंगं कराडला आली.

चार तारखेला ज्ञानूभावजींना फोन लावला. मी बोलले. म्हणलं, भावजी, शिवांजलीचं काम झालं न्हाई, तीन मार्कांनी गेलं. तुमाला खोटं सांगा म्हणून मी सांगितलं. आन् पोरगी जीव द्यायला निघाली हुती. हे वाक्य बोलताना सासूबाई उंबऱ्यात उभ्या हुत्या, मी त्यांच्याकडं बघितलं न्हाई. मग भावजी म्हणले, “ती हाय न्हवं तितं? द्या तिच्याकडं.” काय बोलले ते तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलंबी न्हाई. एवढं ऐकू आलं की ह्या खेपेला त्यांनी पयलं इचारलं, जेवलीस का.

तरी दसऱ्यापातुर माझ्या जिवाला चैन न्हवतं. फोनवर माणूस एक बोलतो, घरात आल्यावर एक. बारा तारखेला आमी समदी हायवेवर उभी हुतो. एस्टी थांबली, भावजी उतरले आन् पोरीनंच पयलं बघितलं. म्हणली, “पप्पा, पायाला काय झालं?”

लंगडत हुते. जूनमधी गाडीवरनं पडून मांडीचं हाड मोडल्यालं. दोन म्हयनं आर्मीच्या दवाखान्यात हुते, तो सॅल्यूट, ते पेढं, समदं तिथनंच. व्हिडिओत कमरंपातुरच दिसायचे. राजेश्वरीनं इचारलं, सांगितलं का न्हाई? तर म्हणले, “तुमास्नी काळजी नको म्हणून. इकडं खुशाल हायती समदी, म्हणलं, कशाला?” राजेश्वरीनं भर हायवेवर त्यांच्या छातीवर दोन बुक्क्या हाणल्या आन् गळ्यात पडून रडली. रातीला सासूबाई मला हाक मारून म्हणल्या, “तुझं बाळ गेलं तवा त्याला कळवू द्यायला पायजे हुतं गं मी.” अठ्ठावीस वर्षांनी, उमाताई. मी त्यांचा गुडघा चोळत बसले.

काय पाहिलं: बूट ओवीकडंच हायती. तुमचं कार्ड मी परत मागितलं, म्हणलं उमाताईंना पाठवून देते. तर शिवांजली म्हणली, नको, ठेवते, फुडं लागंल. अजून धड जेवत न्हाई. गोळ्यांनी झोप येती. परवा आईला वसकन बोलली, मला लय बरं वाटलं.

काय ऐकलं: भावजी तिला म्हणले, मला आता पळता येत न्हाई, तू बी थांब थोडी. दोघं पुलापातुर हळूहळू चालून येत्यात. डॉक्टरांनी म्हणलंय, लगीच समदं ठीक झालं असं धरू नका.

भीती: हाय. लय हाय. मला रातीला झोप लागत न्हाई. तिची न्हाणी आमच्या ओट्याला लागूनच हाय, तिनं दार लावलं की मी ओट्यावरनं कायतरी निमित्तानं हाक मारते. साखर हाय का, वेळ किती झाली, कायबी. तिला कळतं मी का मारते ते. काल वैतागून म्हणली, काकी, किती साखर लागती वो तुमाला! पर दर खेपेला ओ देती.

हे पत्र वर्गात वाचून दाखवा, नावं गाळून. ते मेथीचं फाडून टाका. आन् प्लास्टर निघालं का, ते खरं लिवा.

आता थांबते. तिच्या न्हाणीचं दार वाजलं. हाक मारते.

मारली. ओ आली.

तुमची,
संयोगिता